मेंदूची हाक: अंड्यातल्या लाल ठिपक्यापासून काचपेटीतल्या बाळाच्या डोळ्यांपर्यंत

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. ऐकताना निसटलेली नावं आणि सालं इथे शांतपणे वाचता येतील. बोलीभाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



आजची गोष्ट १३ मे १९५० या दिवसापासून सुरू करूया. अमेरिकेत मिशिगन राज्यात सॅगिनॉ नावाचं शहर आहे. तिथे एक मुलगा जन्माला आला. दिवस भरायच्या सहा आठवडे आधीच. अपुऱ्या दिवसांचं बाळ, म्हणून त्याला काचपेटीत ठेवलं आणि ऑक्सिजन दिला. बाळ जगलं, पण त्याची दृष्टी गेली. पुढे या मुलाने पियानो वाजवला, हार्मोनिका वाजवली, गाणी लिहिली आणि सगळं जग त्याला स्टीव्ही वंडर म्हणून ओळखायला लागलं.

आता यात विचित्र गोष्ट काय आहे, सांगते. त्या दहा-बारा वर्षांत असं झालेला तो एकटा नव्हता. जगभरात अशी साधारण दहा हजार मुलं आंधळी झाली, असा अंदाज सांगितला जातो. आणि ही मुलं गरीब, सोयी नसलेल्या दवाखान्यांतली कमी होती. जिथे नवी यंत्रं होती, जिथे काळजी जास्त घेतली जायची, तिथे हा आजार जास्त दिसत होता.

ऑक्सिजनने कुणी आंधळं कसं होईल? ऑक्सिजन तर जीव वाचवतो ना?

याचं उत्तर शोधायला आपल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न जाता कोंबडीच्या अंड्यात जावं लागेल. कारण खरा प्रश्न असा आहे: आईच्या पोटात मेंदू तयार होत असताना त्याच्यात रक्तवाहिन्या येतात कुठून? आणि त्यांना 'इकडे या' असं सांगतं कोण? हे समजायला शंभर वर्षं लागली. आज त्या शंभर वर्षांची गोष्ट.

अंड्यातली रात्र

गर्भ वाढताना बघायचा असेल तर माणसाच्या बाबतीत ते शक्य नाही. कोंबडीचं अंडं मात्र सोपं. मिळतं कुठेही, एकवीस दिवसांत पिल्लू बाहेर येतं, आणि कवचाला छोटी खिडकी पाडली की आत दिसतं. आमच्या गावी खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली की चार-पाच दिवसांनी आजी प्रत्येक अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरायची. आत लाल कोळ्यासारखं जाळं दिसलं की अंडं ठेवायचं, नाही दिसलं की काढून टाकायचं. ते लाल जाळं म्हणजेच आपला आजचा विषय.

हे जाळं माणूस फार पूर्वीपासून बघत आलाय. अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी अंडी फोडून आतला धडधडणारा लाल ठिपका नोंदवून ठेवला. रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वीने १६५१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १८१७ मध्ये ख्रिस्टियान पांडर याने गर्भाचे सुरुवातीचे तीन थर वेगळे ओळखले आणि रक्त आधी छोट्या छोट्या बेटांसारखं दिसतं, हेही सांगितलं. पण ही सगळी मंडळी मेलेला किंवा मरत असलेला गर्भ बघत होती. जिवंत गर्भात रक्तवाहिनी *होताना* बघायची राहिली होती.

ते काम केलं फ्लॉरेन्स सेबिन यांनी.

सेबिनबाई कोलोरॅडोतल्या खाणीच्या गावात जन्मल्या, १८७१ साली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टर झाल्या. विद्यार्थिनी असतानाच त्यांनी मेंदूच्या खालच्या भागाचं, म्हणजे जिथे मेंदू मज्जारज्जूला मिळतो त्या भागाचं इतकं नेमकं मॉडेल केलं की त्यावरून अॅटलास छापलं गेलं. १९१७ मध्ये त्यांचे विभागप्रमुख वारले. सगळ्यांना वाटलं, आता खुर्ची सेबिनबाईंची. ती मिळाली त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला. विद्यार्थ्यांनी निषेध केला. बाईंना प्राध्यापकपद दिलं गेलं, तिथल्या वैद्यकीय शाळेतल्या त्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक; पण विभाग मिळाला नाही. त्या सोडून गेल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकापाशी परत बसल्या.

त्यांनी केलं काय? दुसऱ्या दिवसाच्या अंड्यातला इवलासा गर्भ काढायचा, काचेखाली लटकणाऱ्या थेंबात उबेत जिवंत ठेवायचा आणि नजर हलवायची नाही. एका रात्री त्या बसूनच राहिल्या. सुट्या सुट्या पेशी एकमेकींकडे सरकल्या, त्यांच्या गाठी झाल्या, गाठी आतून पोकळ झाल्या, पोकळ नळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या, त्यांच्यातच रक्तपेशी तयार झाल्या आणि मग हृदयाचा पहिला ठोका पडला. एकाच रात्रीत, एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर. ती रात्र आपल्या आयुष्यातली सगळ्यात थरारक रात्र होती, असं त्या नंतर सांगत. १९२० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

म्हणजे पहिली गोष्ट कळली: शरीरातल्या पहिल्यावहिल्या रक्तवाहिन्या जागेवरच, सुट्या पेशींपासून जुळून तयार होतात. मग मेंदूतही असंच होत असेल?

नाही. आणि इथेच गोष्ट वळण घेते.

वस्ती आधी, नळ नंतर

मेंदू आणि मज्जारज्जू हे सुरुवातीला एका साध्या नळीच्या रूपात असतात. तिला मज्जानलिका म्हणूया. माणसात गर्भ साधारण चार आठवड्यांचा होईपर्यंत ही नळी मिटून पूर्ण होते. या टप्प्यावर तिच्या भिंतीत एकही रक्तवाहिनी नसते. एकही नाही! जो अवयव पुढे शरीराच्या फक्त दोन टक्के वजनाचा असून वीस टक्के ऑक्सिजन एकटा खाणार आहे, तो सुरुवात करतो रक्ताशिवाय.

कसं चालतं मग? भिंत पातळ असते. आजूबाजूच्या द्रवातून ऑक्सिजन झिरपत आत येतो आणि तेवढा पुरतो. पण पेशी वाढतात, भिंत जाड होते आणि झिरपणं पुरेनासं होतं. ऑक्सिजन पेशींमधून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे फारसा पोचत नाही.

आपल्याकडे शहराच्या कडेला नवी वस्ती उभी राहते तेव्हा काय होतं? माणसं आधी राहायला येतात. पाणी हंड्याने, टँकरने. मुख्य जलवाहिनी वस्तीच्या बाहेरून गेलेली असते. मग गर्दी वाढली, बोंबाबोंब झाली की बाहेरच्या लाइनीला जोडण्या देऊन नळ गल्लीगल्लीत आत शिरतो. मेंदूचं अगदी हेच. आधी मज्जानलिकेच्या *बाहेर*, तिला वेढून, रक्तवाहिन्यांचं एक जाळं तयार होतं. मग त्या जाळ्याला फांद्या फुटतात आणि त्या भिंत भेदून सरळ आत घुसतात. सगळ्यात आतला थर, जिथे नव्या पेशी सतत जन्मत असतात, तिकडे. तिथे पोचल्यावर फांद्या आडव्या पसरून एकमेकींना जोडल्या जातात. माणसाच्या गर्भात हे साधारण पाचव्या आठवड्यात सुरू होतं.

हे टप्प्याटप्प्याने पुढे आलं. १९०९ मध्ये हर्बर्ट एव्हान्सने, तोही जॉन्स हॉपकिन्सचाच, कोंबडीच्या गर्भात शाई टोचून दाखवलं की पुढे मोठ्या होणाऱ्या वाहिन्याही आधी बारीक केशवाहिन्यांचं जाळंच असतात. १९१८ मध्ये जॉर्ज स्ट्रीटरने माणसाच्या गर्भांचे जतन केलेले नमुने तपासून मेंदूच्या रक्तवाहिन्या कशा बदलत जातात ते मांडलं. आणि १९४६ मध्ये फीनी आणि वॉटरसन या दोघांनी कोंबडीच्या मज्जानलिकेत वाहिन्या कधी आणि कुठून शिरतात याचा नकाशाच केला. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी: वाहिन्या कुठूनही घुसत नाहीत. प्रत्येक गर्भात त्याच जागा, तोच क्रम, तीच वेळ.

म्हणजे कुणीतरी हाक मारतंय. आणि हाक आतूनच येत असणार. पण ती हाक म्हणजे नेमकं काय, हे १९४६ मध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

आता डोळ्याकडे या. आपल्या डोळ्याचा आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, हा खरं तर मेंदूचाच तुकडा आहे. गर्भात पुढच्या मेंदूला दोन फुगवटे येतात, त्यांचंच दृष्टिपटल होतं. त्यामुळे त्याचा नियमही मेंदूचाच: आधी पेशी, मग बाहेरून वाहिन्या. साधारण सोळाव्या आठवड्यात डोळ्याच्या नसेपाशी पहिल्या वाहिन्या शिरतात आणि हळूहळू कडेकडे पसरतात. कडेला पोचेपर्यंत दिवस भरतात. थोडक्यात, सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यात नळजोडणीचं काम अर्धवटच असतं.

काचपेट्या आणि अंधार

१९४२. बोस्टनमधले नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एक नोंद छापली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत, भिंगाच्या मागे, करडट पांढरा पडदा दिसतोय. पूर्वी असं दिसत नव्हतं. मग दुसऱ्या शहरांतूनही अशाच बातम्या यायला लागल्या.

कारण कुणालाच कळेना. व्हिटॅमिनची कमतरता? जास्त व्हिटॅमिन? उजेड? आईला झालेला संसर्ग? बाळांना व्हिटॅमिन ई दिलं, हार्मोनची इंजेक्शनं दिली. काही उपाय सुरुवातीला लागू पडल्यासारखे वाटले आणि मग फोल निघाले.

ऑक्सिजनवर संशय यायला वेळ लागला, कारण ऑक्सिजन हा त्यांचा सगळ्यात खात्रीचा मित्र होता. नव्या काचपेट्या जास्त घट्ट बंद होत, आत ऑक्सिजन भरून ठेवता येई. निळसर पडलेलं बाळ ऑक्सिजनने गुलाबी होई. मग कमी कशाला द्यायचा?

१९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टर केट कॅम्बल यांनी साधी तुलना केली. त्यांच्या शहरातल्या वेगवेगळ्या ठिकाणी बाळांना ऑक्सिजन देण्याची पद्धत वेगवेगळी होती. जिथे सढळ हाताने दिला जायचा तिथे आंधळेपणा जास्त. जिथे जपून, तिथे कमी. त्यांनी लिहिलं: ऑक्सिजन हेच कारण असू शकतं.

त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ नावाचे तरुण डॉक्टर हाच प्रयोग करत होते. काही बाळांना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन, काहींना गरजेपुरताच. पॅट्झ यांनी पुढे एक आठवण सांगितली: काही परिचारिका रात्री गुपचूप येऊन कमी ऑक्सिजनवाल्या बाळांचा ऑक्सिजन वाढवून जायच्या. आपल्यासमोर बाळ गुदमरेल, अशी त्यांना भीती वाटायची. मला या परिचारिकांचा राग येत नाही. डोळ्यांसमोर दोन मुठींएवढं बाळ आहे, नळ तुमच्या हाताशी आहे, आणि कुठल्यातरी कागदावर लिहिलंय की कमी द्या. तुम्ही काय केलं असतं?

शेवटी १९५३ ते १९५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन, एव्हरेट किन्सी यांच्या देखरेखीखाली, मोठी चाचणी केली. निकाल स्वच्छ आला. सरसकट भरपूर ऑक्सिजन दिलेल्या बाळांमध्ये हा आजार कितीतरी जास्त होता. किन्सी आणि पॅट्झ यांना १९५६ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. जगभर ऑक्सिजनचे नळ आवळले गेले आणि आंधळेपणाची ती लाट ओसरली.

गोष्ट इथे संपली असती तर सुखान्त होता. पण नळ आवळताना जास्तच आवळले गेले. ज्या बाळांच्या फुप्फुसांना खरोखर जास्त ऑक्सिजन हवा होता, त्यांनाही तो मिळेना. १९७३ मध्ये केनेथ क्रॉस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हिशेब मांडला: वाचवलेल्या एकेका दृष्टीमागे अंदाजे १६ बाळांचे जीव गेले असावेत. हा अंदाज आहे, पण तो वाचल्यावर 'जास्त वाईट, कमी चांगलं' इतकं सोपं काही उरत नाही.

चाचणीने *काय* होतं ते सांगितलं होतं. *का* होतं ते कळल्याशिवाय योग्य मात्रा कळणार नव्हती.

भूक म्हणजेच हाक

'का'चं उत्तर एका माणसाने आधीच ओळखलं होतं. आयझॅक मायकेलसन, स्कॉटलंडमधले नेत्रतज्ज्ञ. १९४८ मध्ये दृष्टिपटलातल्या वाहिन्यांची वाढ तपासताना त्यांना दिसलं की केशवाहिन्या शिरांच्या बाजूने जास्त फुटतात आणि रोहिणीच्या, म्हणजे ताज्या ऑक्सिजनवाल्या नळीच्या, अगदी लगत मोकळी पट्टी राहते. त्यांनी तर्क केला: ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी एखादा पदार्थ सोडत असणार, तो आजूबाजूला पसरत असणार आणि वाहिन्या त्याच्या दिशेने वाढत असणार. तो पदार्थ कुणी पाहिला नव्हता, म्हणून त्याला पुढे 'फॅक्टर एक्स' असं नाव पडलं.

मग लंडनमध्ये नॉर्मन अ‍ॅश्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या नवजात पिल्लांवर काम केलं. मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या दृष्टिपटलाची नळजोडणी अर्धवटच असते, अपुऱ्या दिवसांच्या बाळासारखी. त्यांना जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवलं, तर नव्या कोवळ्या वाहिन्या आक्रसून बंद पडल्या. साध्या हवेत परत आणलं, तर त्याच वाहिन्या पिसाटासारख्या, वेड्यावाकड्या, नको तिथे वाढल्या.

आता दोन्ही तुकडे जोडा. पोटात बाळाच्या रक्तात ऑक्सिजन आपल्यापेक्षा बराच कमी असतो. त्या कमतरतेतच दृष्टिपटलाच्या पेशी हाक देत राहतात आणि वाहिन्या शांतपणे पुढे सरकतात. बाळ लवकर जन्मलं, वर भरपूर ऑक्सिजन मिळाला. पेशींची भूक भागली आणि हाक थांबली. हाक थांबली म्हणून वाढ थांबली, कोवळ्या वाहिन्या सुकल्या. काही आठवड्यांनी पेशी मोठ्या झाल्या, खायला मागू लागल्या, ऑक्सिजनही कमी केला गेला. नळ मात्र पोचलेलाच नाही. आता हाकेची किंकाळी झाली. वाहिन्या धावत सुटल्या, दिशा सोडून, डोळ्याच्या आतल्या पोकळीत. त्या गळतात, त्यांचे व्रण आवळतात आणि दृष्टिपटल ओढून सोडवतात. टेरींना दिसलेला करडा पडदा तो हाच.

ही हाक म्हणजे नेमका कोणता रेणू, ते कळायला १९८० चं दशक उजाडलं. आणि तो सापडला कर्करोगाच्या प्रयोगशाळेत. १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर, हॅरल्ड ड्वोराक आणि सहकाऱ्यांना गाठींमधून असं एक प्रथिन मिळालं जे रक्तवाहिन्या गळक्या करत होतं. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्या गटाला रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवणारं प्रथिन मिळालं. नंतर लक्षात आलं, दोन्ही एकच. त्याला आज 'व्हेजएफ' म्हणतात.

१९९२ मध्ये दोन धागे जुळले. एका गटाने दाखवलं की ऑक्सिजन कमी पडला की पेशी व्हेजएफ जास्त बनवतात. आणि जर्मनीत गेऑर्ग ब्रायर, वेर्नर रिसाऊ आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भाच्या मेंदूत बघितलं. मेंदूच्या भिंतीच्या सगळ्यात आतल्या थरात, वाहिन्या जिकडे धाव घेतात त्याच थरात, व्हेजएफ बनत होतं. मोठ्या उंदराच्या मेंदूत ते प्रमाण खूप खाली आलेलं. सेबिनबाईंच्या अंड्यापासून सुरू झालेला प्रश्न इथे येऊन पोचला: वाहिन्यांना बोलावणारा मेंदूच आहे.

ही हाक किती मोजून-मापून असते, ते १९९६ मध्ये कळलं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. बेल्जियममध्ये पीटर कार्मेलिट यांच्या गटाने आणि अमेरिकेत फेरारांच्या गटाने उंदरांमध्ये व्हेजएफच्या जनुकाची फक्त एक प्रत काढली. बहुतेक जनुकांच्या बाबतीत एक प्रत पुरते. इथे पुरली नाही. साधारण अकराव्या-बाराव्या दिवशी गर्भ दगावले. अर्धी हाकही चालत नाही.

टोकावर कोण असतं?

हाक आहे, पण ऐकतं कोण?

१८९० मध्ये स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी, पुन्हा कोंबडीच्याच गर्भाच्या मज्जारज्जूत, वाढत्या चेतातंतूच्या टोकाला एक पसरट, बोटं फुटलेला भाग पाहिला. तंतू त्या बोटांनी चाचपडत वाट शोधतो, असं त्यांनी मांडलं. २००३ मध्ये होल्गर गेरहार्ट आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लाच्या दृष्टिपटलात वाढत्या रक्तवाहिनीचं टोक नीट पाहिलं. तिथेही तेच! सगळ्यात पुढे एकच पेशी, तिला बारीक लांब बोटं, आणि ती बोटं व्हेजएफ जिकडे दाट तिकडे वळतात. ही पुढारी पेशी. मागच्या पेशी विभागत राहतात आणि नळी लांब करतात. शंभर वर्षांच्या अंतराने दिसलेल्या या दोन चित्रांत चेतातंतू आणि रक्तवाहिनी एकाच पद्धतीने वाट शोधत होत्या.

आणि पोचल्यावर? मेंदूतल्या वाहिन्या शरीरातल्या बाकीच्या वाहिन्यांसारख्या नसतात. १८८५ मध्ये पाउल एर्लिश यांनी जनावराच्या रक्तात रंग टोचला, तर सगळं शरीर रंगलं आणि मेंदू कोराच राहिला. १९६७ मध्ये टॉम रीस आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कारण दाखवलं: मेंदूतल्या वाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही निसटत नाही.

मग बाहेरून आलेल्या वाहिन्यांना हे शिवणकाम शिकवलं कुणी? पॅट्रिशिया स्टुअर्ट आणि मायकेल वायली यांनी १९८१ मध्ये सुंदर प्रयोग केला. तीन दिवसांच्या लावा पक्ष्याच्या गर्भातला मेंदूचा तुकडा, ज्यात अजून वाहिन्या नव्हत्या, त्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या पोटात बसवला. कोंबडीच्या पोटातल्या साध्या वाहिन्या त्यात शिरल्या आणि मेंदूतल्यासारख्या घट्ट झाल्या. रंग बाहेर गळेना. उलटंही केलं. लाव्याच्या पोटातलं ऊतक कोंबडीच्या मेंदूत. त्यात शिरलेल्या वाहिन्या गळक्याच राहिल्या. म्हणजे वाहिनी कुठून आली याने फरक पडत नाही. ती कुणाच्या घरात आली, याने पडतो.

आणि आपल्याकडे?

ही सगळी जुनी, परदेशातली गोष्ट वाटली असेल, तर आता नीट ऐका. जगात अपुऱ्या दिवसांची सगळ्यात जास्त बाळं भारतात जन्मतात. आता आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांतही नवजात बाळांसाठी खास कक्ष आहेत. पूर्वी जी बाळं गेली असती ती आज वाचतात. त्यामुळेच हा डोळ्यांचा आजार आपल्याकडे खरा प्रश्न झाला आहे. त्याचं नाव आरओपी. अमेरिकेत तो मुख्यतः अगदी इवल्या बाळांना होतो. आपल्याकडे त्याहून मोठ्या, वजनदार बाळांनाही होतो, कारण सगळीकडे ऑक्सिजन हवेत मिसळून, मोजून देण्याची सोय नसते.

म्हणून आपल्याकडचा तपासणीचा नियमही जास्त सैल ठेवलेला आहे. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. फारच लहान बाळ असेल, २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. डोळ्यांत थेंब घालून काही मिनिटांत होणारी तपासणी आहे ही. बाळ बाहेरून अगदी ठणठणीत दिसतं, टकामका बघतं, म्हणून घरचे म्हणतात, 'आता सव्वा महिना झाल्यावर बघू.' तो सव्वा महिना महाग पडू शकतो. आजार वेळेत दिसला तर लेसरने दृष्टी वाचवता येते. दृष्टिपटल सुटल्यावर फारसं काही हातात राहत नाही.

लेसरशिवाय आता दुसरा उपायही आहे: व्हेजएफला पकडून ठेवणारं औषध डोळ्यात टोचायचं. किंकाळीच बंद करायची. २०११ मध्ये एका मोठ्या चाचणीत काही प्रकारच्या आरओपीमध्ये ते चांगलं लागू पडलं. पण विचार करा. हे औषध थोडं रक्तातही उतरतं. त्याच बाळाचा मेंदू, फुप्फुसं, मूत्रपिंडं अजून वाढत आहेत, आणि त्यांनाही याच हाकेची गरज आहे. म्हणून डॉक्टर मात्रेबद्दल इतके जपून बोलतात. १९५४ नंतर नळ जास्त आवळल्याचा धडा त्यांना आठवतो, असं म्हणायला हरकत नाही.

तर तुमच्या नात्यात, मैत्रीत, शेजारी कुणाचं बाळ लवकर झालं असेल, पेटीत असेल, तर अभिनंदन करा, डबा पोचवा, आणि एक प्रश्न जरूर विचारा: 'डोळ्यांची तपासणी कधी आहे?' तारीख फाइलवर लिहून घ्यायला सांगा. डिस्चार्ज मिळाला तरी ती तारीख चुकवायची नाही.

आजच्यापुरतं इतकंच. हा भाग आवडला तर लवकर बाळ झालेल्या एका तरी घरी पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!